मशिनला काळा-गोरा कळत नाही म्हणे!

"एआय आलं की कोर्टात भेदभाव संपला, मशिनला काय कळतोय माणसाचा रंग" असले फॉरवर्ड हल्ली फार फिरतात, म्हणून अमेरिकेतल्या कॉम्पास नावाच्या सॉफ्टवेअरचं प्रकरण सांगतो. अटक झालेला माणूस पुन्हा गुन्हा करेल का, याला ते १ ते १० असा स्कोर देतं आणि तो जजसमोर जातो. प्रश्नावलीत १३७ प्रश्न, वंश कुठेच विचारलेला नाही.

२०१६ मध्ये प्रोपब्लिका या अमेरिकन शोधपत्रकारिता संस्थेच्या पत्रकारांनी फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीतल्या ७००० हून जास्त लोकांचे स्कोर तपासले. दोन वर्षांत ज्यांनी पुन्हा काहीच केलं नाही, अशा काळ्यांपैकी ४४.९ टक्के लोकांवर आधीच धोक्याचा शिक्का (म्हणजे वरचा स्कोर) बसला होता, गोऱ्यांपैकी २३.५ टक्के. कॉम्पास बनवणारी कंपनी म्हणाली छे, आमचा शिक्का बसलेल्यांपैकी साधारण ६० टक्के पुन्हा पकडले जातात, मग काळा असो की गोरा. आणि दोघंही खरंच बोलत होते!

कसं ते बघा, कागद-पेन घ्या हवं तर. समजा दोन गट, प्रत्येकी ३०० माणसं. नियम दोघांना एकच: शिक्का बसलेल्यांपैकी ६० टक्के पुन्हा पकडले जातात, न बसलेल्यांपैकी ३० टक्के. पहिल्या गटात एकूण १५० पुन्हा पकडले जातात, दुसऱ्यात १२०. हा हिशोब जुळायला पहिल्या गटात २०० शिक्के मारावे लागतात (१२० अधिक उरलेल्या १०० मधले ३०, झाले १५०) आणि दुसऱ्यात फक्त १००. आता निर्दोष राहिलेले मोजा. पहिल्या गटात असे १५०, त्यातल्या ८० जणांवर फुकटचा शिक्का, म्हणजे ५३ टक्के. दुसऱ्यात १८० पैकी ४०, म्हणजे २२ टक्के. कोणी लबाडी केली नाही, कोड बदलून सुटणारं नाही, दोन गटांचं मूळ प्रमाण वेगळं असलं की दोन्ही प्रकारचा न्याय (शिक्का दोन्ही गटांत सारखाच खरा ठरणं आणि फुकटचे शिक्केही सारख्याच प्रमाणात बसणं) एकदम मिळतच नाही, हे गणितज्ञांनी सिद्धच केलंय.

पण मूळ प्रमाण वेगळं का? कारण मशिनला गुन्हे दिसत नाहीत, अटका दिसतात. अमेरिकेत गांजा ओढणारे काळ्या-गोऱ्यांत जवळपास सारखेच, पण २०१० च्या आकड्यांत त्यासाठी अटक होण्याचं प्रमाण काळ्यांत पावणेचार पट. पोलिस जिथे जास्त फिरतात तिथे जास्त सापडतात, तेच स्कोरमध्ये उतरतं.

आपण हसायला नको, ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ ला गेला तरी पारध्यांच्या पालावर पोलिस अजून आधी पोचतात, कॉम्प्युटर लागत नाही त्याला. आणि एआयची आरती ओवाळणाऱ्यांसाठी एक, २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या दोन संशोधकांनी दाखवलं की नुसतं वय आणि आधीच्या शिक्षांची संख्या घेतली तरी अंदाज कॉम्पासइतकाच बरोबर येतो, ६५ टक्क्यांच्या आसपास. मग १३७ प्रश्न कशाला विचारत होते कोण जाणे.