सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाण्याआधी: आमच्या पाहुण्यांसाठी माहिती

खोली ठरवताना बहुतेक पाहुणे एक प्रश्न हमखास विचारतात: किल्ला बघायला किती वेळ लागतो? होडीवाले साधारण तासाभराचा वेळ देतात आणि घाई केली तर तेवढ्यात फिरून होतेही. पण आमचा आग्रह असतो की सकाळ पूर्ण मोकळी ठेवा. मालवणसमोरच्या कुरटे बेटावरचा हा किल्ला म्हणजे नुसते तट-बुरुज नव्हेत. तटाच्या आत आजही मोजकी कुटुंबे राहतात. घरे आहेत, अंगणे आहेत, माड आहेत, देवळात रोजची पूजा आहे. वायरी ग्रामपंचायतीतली ही एक वस्ती आहे. फरक एवढाच की तिच्या चहूबाजूंनी समुद्र आहे.

आमचे न्याहारी निवास घरचेच आहे. किल्ल्यावरची माणसे आमच्या ओळखीची, बाजारात रोज भेटणारी. म्हणून हे पत्रक थोडे सविस्तर लिहिले आहे.

मालवणात पोहोचणे

रेल्वेने येणाऱ्यांनी कुडाळला उतरावे, ते सोयीचे पडते. रात्रीच्या गाडीने येत असाल तर आधी कळवा, रिक्षा किंवा गाडी सांगून ठेवतो. मुंबई-गोवा महामार्गाने येणाऱ्यांनी कसालला वळावे. विमानतळ चिपीला आहे, पण विमान कोणत्या दिवशी आहे ते बघूनच बेत करा.

होडी आणि समुद्र

होड्या मालवणच्या जेटीवरून सुटतात. पलीकडे जायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. अंतर थोडे असले तरी हा समुद्र कातळी आहे. पाण्याखाली खडक आहेत आणि होडी त्यांच्यामधल्या ठरलेल्या वाटेनेच जाते. परक्या जहाजाला इथे सहज शिरता येत नसे आणि किल्ल्यासाठी ही जागा निवडण्यामागे ते एक मोठे कारण होते. तेव्हा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, सांगेल तिथे बसा. फोटोसाठी एका बाजूला गर्दी करू नका आणि लाइफ जॅकेट गळ्यात न अडकवता नीट बांधा.

शक्यतो पहिल्या होडीने जा. सकाळी पाणी शांत असते. दुपारनंतर वारा वाढतो, लाटा अंगावर येतात आणि वयस्कर माणसांना चढ-उतार करणे जड जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, त्या दिवसांत आम्हाला विचारून निघा. परतायची वेळ होडीत बसतानाच बोलून घ्या, म्हणजे किल्ल्यावर घड्याळाकडे बघत फिरावे लागत नाही.

मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत प्रवासी होड्या बंद असतात. त्या दिवसांत किल्ला किनाऱ्यावरूनच बघावा लागतो. ज्यादा पैसे देऊन कोणी नेईल का, असे कृपा करून विचारू नका. पावसाळ्यातला हा समुद्र आम्ही लहानपणापासून बघत आलो आहोत.

आत गेल्यावर

होडीतून समोर अखंड तट दिसतो आणि दरवाजा कुठे आहे तेच कळत नाही. उतरून तटाच्या कडेने चालू लागलात की दोन बुरुजांमध्ये एक वळण लागते. त्या वळणात शिरल्यावरच दरवाजा समोर येतो. हल्ला करणाऱ्याला तोफ दरवाजासमोर आणताच येऊ नये म्हणून ही रचना. इथे दोन मिनिटे थांबा आणि मागे वळून बघा: समुद्र दिसत नाही, वर दोन्ही बाजूंना फक्त तट.

बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झाले. त्या मुहूर्ताची पूजा किनाऱ्यावरच्या ज्या खडकापाशी झाली तो मोरयाचा धोंडा आजही मालवणात आहे. त्यावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. वेळ काढून तिथेही जाऊन या, बहुतेक लोक ते चुकवतात. सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. क्षेत्र अठ्ठेचाळीस एकर, तटाची लांबी तीन किलोमीटरच्या आसपास. काम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली झाले, असे मानतात. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले, ते इथे कोणाच्या तोंडी बसले नाही. उलट १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्याला नाव मिळाले ते या किल्ल्याचेच.

दरवाजाजवळ छोट्या घुमट्यांत शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा जपलेला आहे. पुढे शिवराजेश्वराचे मंदिर, राजाराम महाराजांनी बांधलेले. आतली शिवाजी महाराजांची मूर्ती बैठी आहे आणि तिला दाढी नाही. चित्रांतले महाराज डोळ्यांसमोर ठेवून आलेल्यांना ती आधी वेगळी वाटते. मंदिरात नित्य पूजा होते, चप्पल बाहेर काढावी आणि आवाज हलका ठेवावा.

आमच्या मते किल्ल्यावरची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाणी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी. तटाबाहेर हाताच्या अंतरावर खारे पाणी आणि आत गोडे. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि विहिरीत उतरते, त्याच्यावर इथली वस्ती टिकली. उन्हाळ्यात पाणी खाली जाते तेव्हा एकेका कळशीची किंमत कळते. या विहिरी कोणाच्या तरी रोजच्या वापरातल्या आहेत. त्यांत नाणी, फुले, बाटल्या काहीही टाकू नका आणि काठावर पाय धुऊ नका. पिण्याचे पाणी सोबत न्या आणि रिकामी बाटली परत आणा. बेटावरचा कचरा उचलून नेण्यासाठीसुद्धा होडीच लागते.

वस्तीबद्दल थोडे. शाळा, दवाखाना, बाजार, सगळे मालवणात. पूर्वी इथे बरीच घरे होती, हळूहळू माणसे कामधंद्यासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी पलीकडे गेली. जी राहिली त्यांची आगोटीआधीची, म्हणजे पावसाळा सुरू होण्याआधीची, धावपळ बघण्यासारखी असते: तांदूळ, कुळथाची पिठी, सोलां (आमसुले), सुके बांगडे, सुकट, गॅस, औषधे, सगळी बेगमी होड्या बंद व्हायच्या आत घरात पडायला हवी. पावसात कोणी आजारी पडले तर पलीकडे जाणे समुद्राच्या मर्जीवर. अशी माणसे दारात बसलेली दिसली तर आधी दोन शब्द बोला. फोटो हवा असेल तर विचारा. कोणी सरबत, ताक, शहाळे विकत असेल तर ते त्यांच्याकडूनच घ्या आणि घासाघीस करू नका.

आजूबाजूला

किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे. इथे प्रवाळ आहे, ते वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तुकडा उचलणेही गुन्हा. स्कूबा करणाऱ्यांनी तळाला पाय टेकवू नयेत.

ओहोटीला, आम्ही म्हणतो सुकतीला, दांडीच्या किनाऱ्यावरून पद्मगड या छोट्या किल्ल्याकडे चालत जाता येते. स्थानिक माणूस बरोबर नसेल तर जाऊ नका, भरतीचे पाणी मागून येते आणि वाट बंद होते. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे सकाळी डॉल्फिन दिसू शकतात, पण दिसतीलच असे आम्ही कोणालाही सांगत नाही. निवतीच्या दीपगृहापलीकडच्या खडकांत पाकोळी पक्ष्यांच्या वसाहती आहेत. विणीच्या ठिकाणी माणसांची ये-जा नको, म्हणून तिकडच्या सहली आम्ही ठेवलेल्या नाहीत.

संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव असतो, तो जरूर बघा. आमच्याकडचे जेवण त्या दिवशी जे मिळेल त्यावर ठरते. सुरमई हवीच असे म्हणालात तर कधी मिळेल, कधी नाही. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले मात्र एकदा खाऊन बघा. शाकाहारी पाहुण्यांसाठी स्वयंपाकाची भांडी वेगळी आहेत, फक्त आदल्या दिवशी सांगा.

हवामान खात्याचा इशारा आला किंवा बंदरावर बावटा लागला की होडी जात नाही. तुमची फेरी आमच्यामार्फत ठरली असेल तर त्या दिवशीचे होडीचे आणि वाटाड्याचे पैसे पूर्ण परत मिळतील. राहण्याचा दिवस वाढवायचा असेल आणि खोली मोकळी असेल तर त्याच दरात देऊ. निघण्याच्या आदल्या रात्री जेवताना आम्हाला विचारा, दुसऱ्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा आम्ही कागदावर लिहून देतो.