इंग्रजी संभाषणातील अडचणी (कोल्हापूर परिसर)

इंग्रजी वाचता-लिहिता येत असूनही ती बोलताना महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांना येणाऱ्या भाषिक, मानसिक आणि शैक्षणिक अडचणी. भारतात इंग्रजी ही दुसरी भाषा मानली जाते. पण राधानगरी, शाहूवाडी, गडहिंग्लजकडून कोल्हापुरात शिकायला येणाऱ्या अनेकांच्या कानांवर ती वर्गाबाहेर क्वचितच पडते. घरी, एसटीत, मेसवर, कट्ट्यावर मराठीच असते. त्यांच्यासाठी इंग्रजी परकी भाषाच ठरते.

राज्यातील मराठी शाळांत 2000 पासून इंग्रजी पहिलीपासून आली. त्याआधी ती पाचवीपासून होती. म्हणजे आजचा विद्यार्थी पदवीला येतो तो बारा वर्षे इंग्रजी शिकून. मात्र या काळात भर राहतो तो धड्याचे मराठीत भाषांतर, गाईडमधली उत्तरे आणि लेखी गुणांवर.

परिणाम मुलाखतीत दिसतो. पाठ केलेली ओळख मुलगा घडाघडा म्हणतो. मग समोरचा विचारतो, ‘तुमच्याकडे शेती कसली?’ उसाच्या लागणीपासून गुऱ्हाळापर्यंत मराठीत अर्धा तास बोलू शकणारा हा मुलगा एका वाक्यावर थांबतो. याला बुद्धीची किंवा तयारीची उणीव म्हणणे अन्यायाचे आहे. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग हवे. त्यामुळे मनात मराठीत जुळवलेले वाक्य ऐन वेळी फिरवावे लागते. प्रश्न विचारताना मराठीत शब्दक्रम बदलावा लागत नाही, म्हणून ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असे सहज निघून जाते. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ यांना मराठीत जोड नाही. उच्चारांत शब्दावरील आघाताची, म्हणजे शब्दाच्या कोणत्या भागावर जोर द्यायचा याची, अडचण मोठी.

सर्वांत जड असते ती भीती. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक इलेन हॉर्विट्झ व सहकाऱ्यांनी 1986 मध्ये परकीय भाषेच्या वर्गातील चिंता मोजण्यासाठी 33 विधानांची मोजपट्टी मांडली. इतरांपुढे चुकण्याची धास्ती हा तिचा एक गाभा आहे. इथे त्यात मित्रांच्या ‘लई शाना झालास काय?’ या टोमण्याची भर पडते, आणि सरावाची उरलीसुरली जागाही जाते.

उपाय म्हणून भाषा प्रयोगशाळा व स्पोकन इंग्लिशचे क्लास आहेत. तेथेही वाक्ये पाठच करून घेतली तर फरक पडत नाही. ओळखीचा विषय, विचार करायला दोन मिनिटे, आधी जोडीत व नंतर गटात बोलणे, आणि चुका मध्येच न टोकता बोलून झाल्यावर सांगणे, या क्रमाने गेल्यास गप्प बसणारी मुलेही तोंड उघडतात.