लचकलेल्या घोट्याला प्लास्टर: वादाची पार्श्वभूमी

लचकलेल्या घोट्याला प्लास्टर घालावं की ब्रेस (घोट्याला दोन्ही बाजूंनी धरणारा, काढता-घालता येणारा आधार), हा वाद आहे. विदर्भातल्या खेड्यात मुरगळलेल्या घोट्यावर आजही दोनच गोष्टी सर्रास दिसतात: चार इंची क्रेप (ताणली जाणारी पट्टी), नाहीतर तीन आठवड्यांचं कच्चं प्लास्टर. मधला पर्याय, म्हणजे ब्रेस, मेडिकलमध्ये मिळतो, पण तो क्वचितच कोणी लिहून देतं.

प्लास्टरची पट्टी १८५०च्या दशकात एका डच लष्करी डॉक्टरने रुळवली, ती मोडलेल्या हाडासाठी. पुढे ती लिगामेंटच्या (हाडं एकमेकांना जोडणाऱ्या पट्ट्यांच्या) दुखापतीलाही लागू लागली. १९७०च्या दशकात दोन टणक पाकळ्या आणि आत हवेच्या पिशव्या असलेला ब्रेस आला. त्यात पाऊल वर-खाली हलतं, आत वळत नाही. बाहेरच्या लिगामेंटला हवं ते इतकंच. त्यानंतर साध्या लचकेला प्लास्टर जुनाट ठरलं.

१९९२ मध्ये कॅनडात एक्स-रेचे नियम आले. दुखऱ्या घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही हाडांची मागची कड, टोकापासून ६ सेंमी वरपर्यंत, दाबून दुखत नसेल आणि चार पावलं टाकता येत असतील, तर घोट्याचा एक्स-रे लागत नाही. पावलाच्या मध्यावर दुखत असेल तर करंगळीच्या रेषेतल्या हाडाचं बूड आणि आतल्या बाजूचं हाडही चाचपायचं. एक्स-रेसाठी तालुका गाठावा लागतो तिथे हे फार कामाचं.

खरा गोंधळ २००९च्या ब्रिटिश चाचणीने घातला. पाय टेकवता न येणारे ५८४ रुग्ण. नळीसारखी पट्टी, ब्रेस, आधाराचा टणक बूट आणि गुडघ्याखालचं प्लास्टर यांची तुलना. प्लास्टरवाले लवकर सावरले. तीन महिन्यांनी घोट्याच्या कामात ब्रेस जवळपास तिथेच होता; बुटाचा पट्टीपेक्षा फायदा दिसला नाही. नऊ महिन्यांनी सगळे सारखे. पण ते प्लास्टर फक्त १० दिवसांचं होतं, आणि नेमकं हेच वाचायचं राहिलं. तीन आठवड्यांत पोटरी सुकते, सांधा आखडतो, रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्यात पेरणीच्या दिवसांत वावरात प्लास्टर भिजलं की मऊ पडतं आणि आत कातडी सडते.

ब्रेसचीही अडचण आहेच: त्याला लेसचा बूट लागतो. प्लास्टिकच्या चपलेत तो सरकतो, गमबुटात मावत नाही. म्हणून जबर लचकेला १० दिवस प्लास्टर आणि पुढे कॅनव्हासच्या बुटात ब्रेस, हाच क्रम इथे जास्त पटतो. काळ्या मातीच्या भेगांत आणि धुऱ्यावर पाय वाकडा पडतो तो टाच सैल असताना.

क्रेप आधार देत नाही, दाब देते. तीही बहुतेकदा घोट्यापासून सुरू करून टाच उघडी ठेवतात, मग सूज बोटांकडे उतरते. १० सेंमीची पट्टी बोटांच्या बुडापासून, टाच झाकत, आठच्या आकारात, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढवून बांधायची. नख दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परतला नाही तर सोडून पुन्हा बांधायची. रात्री काढून ठेवायची.

१९९०च्या दशकातल्या खेळाडूंवरच्या चाचण्यांनी ब्रेसचा सर्वाधिक फायदा आधी मुरगळलेल्या पायाला दाखवला. घोट्याला गुंडाळलेली चिकटपट्टी अर्ध्या तासाच्या खेळात ढिली पडते. कबड्डीच्या पोरांना लेसने आवळायचा ब्रेस त्यापेक्षा परवडतो.