फुप्फुस काढल्यावर हृदयाच्या उजव्या बाजूचं काय होतं?

५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात एव्हर्ट्स ग्रॅहम या सर्जननी कर्करोग झालेल्या एका डॉक्टरचं अख्खं डावं फुप्फुस काढलं. तो रुग्ण पुढे जवळपास ३० वर्षं जगला. ग्रॅहम स्वतः मात्र १९५७ मध्ये फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेले. एका फुप्फुसावर माणूस जगू शकतो, हे त्या शस्त्रक्रियेने दाखवून दिलं. तरी आजही हा विषय निघाला की बोलणं होतं ते श्वासाबद्दल. हृदयाची आठवण फारशी कुणाला होत नाही, आणि मला ती मोठी उणीव वाटते.

शरीरातलं सगळं रक्त फुप्फुसांतून जातं. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसात हे प्रमाण मिनिटाला सुमारे ५ लिटर. एक फुप्फुस गेलं म्हणून हे रक्त कमी होत नाही; सगळंच्या सगळं उरलेल्या फुप्फुसातून न्यावं लागतं. ते ढकलण्याचं काम हृदयाच्या उजव्या निलयाचं, म्हणजे उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्याचं. त्याची भिंत पातळ, तीन ते पाच मिलिमीटरची, कारण फुप्फुसाच्या धमनीतला रक्ताचा सरासरी दाब एरवी पाऱ्याच्या १४-१५ मिलिमीटरच्या आसपासच असतो. बाकी शरीरात हाच दाब ९०च्या घरात असतो. उजवा निलय अशा हलक्या कामासाठीच घडलेला आहे.

मग तो निभावतो कसा? फुप्फुसातल्या अनेक केशवाहिन्या विश्रांतीच्या वेळी मिटलेल्या असतात. रक्त वाढलं की त्या उघडतात, आधीच उघड्या असलेल्या रुंदावतात आणि दाब फारसा चढत नाही. हा राखीव साठा पुरेसा आहे का, हे शस्त्रक्रियेच्या टेबलावरच तपासता येतं. काढायच्या फुप्फुसाची धमनी कापण्याआधी सर्जन ती काही मिनिटं नुसती चिमट्यात दाबून धरतात आणि भूलतज्ज्ञ मॉनिटरवरच्या दाबांवर नजर ठेवतात. दाब भलताच वाढला किंवा रक्तदाब कोसळला, तर अख्खं फुप्फुस काढण्याचा बेत पुन्हा तपासावा लागतो.

इथे हृदयाची संप्रेरकं येतात. हृदय हा निव्वळ पंप नाही, ती एक ग्रंथीही आहे. १९८१ मध्ये कॅनडात अदोल्फो द बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा, म्हणजे अलिंदांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. थोड्याच वेळात त्यांच्या लघवीतून मीठ आणि पाणी भराभर बाहेर पडू लागलं. हे घडवणारं संप्रेरक म्हणजे एएनपी (एट्रियल नॅट्रियुरेटिक पेप्टाइड). १९८८ मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत त्याचं भावंड सापडलं, बीएनपी (ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड). पुढे कळलं की ते मुख्यतः निलयांत बनतं. कप्प्याची भिंत ताणली की ही संप्रेरकं रक्तात उतरतात, मूत्रपिंडांकडून मीठ-पाणी बाहेर काढवतात आणि रक्तवाहिन्या सैल करतात. ताण पडलेलं हृदय आपला भार आपणच उतरवायला बघतं, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

फुप्फुस काढल्यावर पहिल्या काही दिवसांत उजवा निलय फुगतो, त्याची रक्त ढकलण्याची ताकद जराशी घटते आणि रक्तातलं बीएनपी वाढतं. फुप्फुसाचा एखादाच खंड काढला असेल, तर वाढ सहसा कमी असते. एएनपी काही मिनिटांतच निम्मं होतं, बीएनपीला साधारण २० मिनिटं लागतात. म्हणून प्रयोगशाळेत बीएनपी किंवा त्याच्यासोबत सुटणारा, जास्त टिकणारा तुकडा एनटी-प्रोबीएनपी मोजतात. नुसत्या आकड्यावर निदान मात्र ठरत नाही. वय वाढलं किंवा मूत्रपिंडं कमजोर असली तरी तो चढतो, लठ्ठपणात उतरतो.

तरीही त्याचा उपयोग आहे. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांत अनेकांना एट्रियल फिब्रिलेशन होतं, म्हणजे ठोके अनियमित आणि वेगवान पडू लागतात. आधीपासूनच बीएनपी जास्त असलेल्यांत हे अधिक दिसतं. दुसरी धास्ती पाण्याची. उरलेल्या फुप्फुसात दुप्पट रक्त वाहत असताना सलाइन सढळ हाताने दिलं, तर केशवाहिन्यांतून पाणी झिरपून फुप्फुसात साचू शकतं. उजवं फुप्फुस मोठं, त्यातून निम्म्याहून जास्त रक्त जातं. म्हणून ते काढल्यावर धोका अधिक. म्हणूनच या रुग्णांना द्रव मोजूनमापून देतात.

पुढच्या काही आठवड्यांत रिकाम्या जागेत द्रव भरतो, छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा वर चढतो आणि हृदय त्या बाजूला सरकतं. स्टेथोस्कोप नेहमीच्या जागी ठेवला तर ठोके नीट ऐकू येत नाहीत, ते सरकलेल्या जागी शोधावे लागतात. बसल्याजागी फुप्फुसातला दाब बहुतेकांत जवळपास पूर्वीसारखा असतो. जिना चढताना मात्र तो चढतो, कारण राखीव केशवाहिन्या आधीच वापरात आलेल्या असतात. त्यामुळे अशा रुग्णाची तपासणी नुसतं झोपवून केली तर ती अपुरी ठरते. त्याला चालवूनही पाहावं लागतं.