एका वर्गात बसणे आणि एका चुलीवर शिजवणे

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या नोंदवहीत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत त्या मुलाला इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि पाण्याच्या नळाला स्वतः हात लावता येत नसे. वर्ग एक होता, गुरुजी एक होते, धडाही एकच होता. तरीही त्या एकत्र बसण्याने कोणाचे मन बदलले नाही. का बदलले नाही, याचे शास्त्रीय उत्तर त्यानंतर सुमारे अर्धशतकाने आकाराला आले.

१९५४ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी असे मांडले की, भिन्न समाजांतील माणसे नुसती जवळ आल्याने पूर्वग्रह कमी होत नाही. त्या प्रसंगापुरता दोन्ही बाजूंचा दर्जा समान असावा लागतो, उद्दिष्ट सामाईक असावे लागते, ते गाठण्यासाठी परस्परांच्या मदतीवाचून चालू नये आणि या सर्वाला अधिकारावरील व्यक्तींचा उघड पाठिंबा असावा लागतो. पुढे २००६ मध्ये थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी ३८ देशांतील ५१५ अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे घटतो आणि या अटी पाळल्या गेल्या असतील तेथे तो अधिक घटतो, असे त्यांना आढळले.

ऑलपोर्ट यांच्याच वर्षी, १९५४ च्या उन्हाळ्यात, मुझफ्फर शेरीफ यांनी ओक्लाहोमातील एका शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले आणि त्यांच्यात स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत भांडणे जुंपली. मग समेटासाठी दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले, तर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकले. शिबिराचा पाणीपुरवठा बंद पडला आणि बिघाड सर्वांनी मिळून शोधावा लागला, बंद पडलेला ट्रक सर्वांनी मिळून दोराने ओढावा लागला, तेव्हा कुठे वैर ओसरू लागले. संशोधकांनीच भांडणाला खतपाणी घातले, हा या प्रयोगावरील आक्षेप रास्त आहे. परंतु सहभोजन आणि सहकार्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यातील धडा मला फार मोलाचा वाटतो.

कारण हा फरक साताऱ्यात त्याआधी तीस वर्षे प्रत्यक्षात आलेला होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. तेथील मुले एका पंगतीला बसत, हे आपण नेहमी ऐकतो. पण ती स्वयंपाकही मिळून करीत आणि कष्टाची कामेही मिळून करीत, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. भाकरी थापणाऱ्याची जात कोणती, हे पाहून जेवायचे ठरवले असते, तर उपाशीच राहावे लागले असते. आणि ऑलपोर्ट यांची चौथी अट? धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रदेखील, या मुलांच्या जेवणासाठी दिले. अर्थात, हा नियंत्रित प्रयोग नव्हता आणि त्याला तसे म्हणणेही योग्य होणार नाही.

भिन्न समाजांतील मुलांनी मिळून काम करण्याचे हे शिक्षण कोणत्या वयात सुरू करावे? तीन महिन्यांची बाळे आपल्या वंशाच्या चेहऱ्यांकडे अधिक वेळ पाहतात. मात्र इस्रायलमध्ये भिन्न वंशांच्या माणसांत वाढणाऱ्या इथिओपियन बाळांत ही ओढ दिसली नाही, असे २००६ च्या एका अभ्यासात आढळले. पाच वर्षांची मुले मित्र निवडताना आपल्यासारख्या हेलात बोलणाऱ्याला पसंती देतात, हे २००७ मध्ये कॅथरीन किन्झलर आणि सहकाऱ्यांनी दाखवले. म्हणजे बालवाडीही फार लवकर नाही. मोठ्यांसाठी उशीर झाला, असेही नाही. उत्तर प्रदेशात निरनिराळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेट सामने भरवून मॅट लो यांनी केलेल्या अभ्यासात, एका संघातून खेळलेल्यांची परजातीय मैत्री वाढली. विरुद्ध संघांत भेटलेल्यांच्या बाबतीत परिणाम साधारणपणे उलटा झाला. इराकमध्ये सलमा मूसा यांनी ख्रिस्ती फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घातले, तेव्हा संघातील सहकाऱ्यांविषयी आपलेपणा वाढला, परंतु मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांविषयीची वृत्ती फारशी बदलली नाही. ही मर्यादा ध्यानात ठेवलीच पाहिजे.

सांगली-साताऱ्याच्या शाळांना आज याचा उपयोग कोठे होईल, असा विचार करताना मला ऊसतोड मजुरांची मुले आठवतात. दिवाळीनंतर बीडकडून टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या उभ्या राहतात आणि त्यांतली काही मुले गावच्या शाळेत येऊन मागच्या बाकावर बसतात. त्यांचा हेल वेगळा असतो. अशा वर्गासाठी एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे सुरू केलेली पद्धत अतिशय सोयीची आहे. तेथे गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतेच एकत्र बसवले होते आणि वर्गात तणाव होता. त्यांनी पाच-सहा मुलांचे मिश्र गट केले, धड्याचे तितकेच तुकडे केले आणि प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा सोपवला. तो त्याने शिकायचा आणि इतरांना शिकवायचा; त्याचे ऐकल्याशिवाय कोणाचाच धडा पूर्ण होत नाही.

समजा, कृष्णा नदीचा धडा आहे. एकाने महाबळेश्वरचा उगम सांगावा, दुसऱ्याने हरिपूरचा वारणा-संगम, तिसऱ्याने २०१९ चा महापूर, आणि बीडहून आलेल्या मुलीने पाणी नसलेल्या गावातून माणसे उसाच्या पट्ट्यात का येतात, ते सांगावे. तो तुकडा तिच्याइतका कोणालाच येणार नाही.

गट कसे पाडावेत, याचेही उत्तर उपलब्ध आहे. २००७ पासून दिल्लीच्या महागड्या खाजगी शाळांना गरीब मुलांना प्रवेश देणे बंधनकारक झाले, तेव्हा काही शाळांनी अभ्यासगट नावांच्या वर्णानुक्रमाने केले. गौतम राव यांच्या २०१९ च्या अभ्यासानुसार, गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुले अधिक उदार झाली आणि गरिबांशी भेदभाव कमी करू लागली. तेव्हा मैत्री पाहून गट न पाडता हजेरीपटाच्या क्रमाने पाडावेत. आणि जूनमध्ये पाडलेले गट दिवाळीच्या सुट्टीनंतर, टोळ्या आल्या की, नव्याने पाडावेत.