मल्टिपल स्क्लेरोसिसग्रस्त स्त्रियांसाठी स्नायुबलवर्धक व्यायाम

मेंदू, मज्जारज्जू व दृष्टिचेता यांतील चेतातंतूंवरचे मायलिन हे आवरण शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेच्या हल्ल्याने झिजते, तो विकार म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. तो बहुधा वयाच्या २० ते ४० वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट स्त्रियांना होतो. त्यात स्नायू दोन कारणांनी दुबळे होतात : मेंदूची आज्ञा त्यांच्यापर्यंत पुरेशी पोहोचत नाही, आणि थकवा व पडण्याची भीती यांमुळे हालचाल घटल्याने ते वापराअभावी रोडावतात. व्यायामाने मायलिन परत येत नाही. मात्र दुसऱ्या कारणाने गेलेली ताकद बऱ्याच अंशी भरून काढता येते.

श्रमाने या रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते, असे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवले. खरे कारण शरीराचे वाढलेले तापमान हे होते, तरीही पुढे कित्येक दशके रुग्णांना विश्रांतीच सांगितली गेली. योग्य प्रमाणातील व्यायामाने विकाराचे झटके (लक्षणे नव्याने उद्भवणे किंवा बळावणे) वाढत नाहीत, उलट ताकद वाढते व अनेकींचा थकवाही कमी होतो, हे आता चाचण्यांतून दिसून आले आहे.

सौम्य ते मध्यम अपंगत्व असल्यास आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून, प्रत्येक प्रकाराची १० ते १५ आवर्तने एक-दोन वेळा करावीत, असा सर्वसाधारण प्रघात आहे. खुर्चीवरून हातांच्या आधाराविना उठणे-बसणे, भिंतीला धरून टाचा उचलणे, रबरी पट्टा ताणणे आणि पाण्याने भरलेली बाटली उचलणे एवढ्यावर घरी सुरुवात करता येते. पट्टा किंवा वजन आवर्तने सहज होऊ लागल्यावरच वाढवावे. लघवीवरील ताबा सैल झालेल्या स्त्रियांना ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम विशेष उपयोगी पडतो. संकोचापोटी हा त्रास सांगितला जात नाही, म्हणून भौतिकोपचारतज्ज्ञाने तो स्वतःहून विचारावा.

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो, आणि या विकारात शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी पाय जड पडू शकतात. म्हणून व्यायाम पहाटे, पंख्याखाली, माठातले पाणी जवळ ठेवून करणे हिताचे. मानेवर ओला पंचा ठेवल्यानेही फरक पडतो. कापूस वेचणे, खुरपणी, दूरवरून हंडे आणणे यांत कष्ट भरपूर असले, तरी त्यांत भार ठरवता येत नाही आणि विसावाही हाती नसतो. त्यामुळे ‘दिवसभर काम करतेच की’ म्हणून व्यायाम टाळू नये. घरच्यांनी त्या दिवशीचे एखादे काम उचलले, तरच तो टिकतो.

उष्णतेने आलेला अशक्तपणा अंग थंड झाल्यावर ओसरतो. नवा दुबळेपणा किंवा अंधुक दिसणे २४ तासांहून अधिक टिकले, तर तो झटका असू शकतो. अशा वेळी व्यायाम थांबवून मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे आणि प्रकृती स्थिरावल्यावर त्याच्या सल्ल्याने पूर्वीपेक्षा कमी भाराने पुन्हा सुरुवात करावी.