कियारा म्हणजे उजळ की काळी?

मागच्या महिन्यात भाचीचं बारसं झालं. पत्रिकेत मृगाचं चौथं चरण निघालं म्हणजे अक्षर 'की', आता 'की'वरून कीर्ती आहे, किशोरी आहे, पण वहिनीला ही सगळी बँकेतल्या मॅडमची नावं वाटतात त्यामुळे ठरलं कियारा. मी आत्या, पाळण्यावर वाकून कानात कुर्र केलं तेवढ्यात मागून आजी, "अगं पण अर्थ काय?" भावाने मोबाइल काढला. एका साईटवर 'तेजस्वी', दुसरीवर 'काळ्या केसांची'!

गंमत म्हणजे दोन्ही बरोबर आहे, कारण मुळात ही दोन वेगळी नावं आहेत. एक इटलीचं, 'क्यारा', लॅटिन 'क्लारा'वरून आलेलं, म्हणजे उजळ, स्वच्छ. 13व्या शतकातली असिसीची संत क्लेअर, तिचं इटालियन नाव हेच. दुसरं आयर्लंडचं, तिकडे 'किअर' म्हणजे काळा, त्यावरून मुलगा किअरान आणि मुलगी किअरा. पुढे दोघींचं स्पेलिंग 'के'वर येऊन एक झालं आणि अर्थांची खिचडी झाली. संस्कृतशी याचा काही संबंध नाही, कोणी चिकटवला असेल तर सोडून द्या.

आपल्याकडे हे पोचलं सिनेमातून. 2010च्या 'अनजाना अनजानी'त प्रियांका चोप्राच्या पात्राचं नाव कियारा होतं, आणि इंडस्ट्रीत एक आलिया आधीच असल्याने आलिया अडवाणीने तेच उचललं, 2014मध्ये ती पडद्यावर आली आणि बाकी तुम्हाला माहितीच आहे.

पण मला वाटतं खरं काम हिरोईनपेक्षा आवाज करतो. कियारा, मायरा, इनाया मोठ्याने म्हणून बघा, सगळी स्वरांवर तरंगणारी आणि 'आ'वर संपणारी, आजीच्या वेळची कुसुम, सुमन, कमल मात्र व्यंजनावर थांबतात. 2012मध्ये संशोधक जोना बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतली नावं आणि वादळं ताडून पाहिली, तर 2005च्या कतरिना वादळानंतर 'क'ने सुरू होणारी नावं साधारण 9 टक्क्यांनी वाढलेली. आता गावंच्या गावं बुडवणाऱ्या वादळाचं नाव कोण पोरीला ठेवेल, पण बातम्यांतून तो 'क' इतका कानावर आदळला की ओळखीचा झाला, आणि ओळखीचं ते गोड वाटतं. त्याआधी 2003मध्ये हान आणि बेंटली या संशोधकांनी दाखवलं होतं की आईबाप एकमेकांचं बघून नावं उचलतात आणि अधूनमधून कोणीतरी नवीन काढतं, एवढंच धरलं तरी थोडी नावं भयंकर कॉमन आणि बाकीची ढीगभर दुर्मिळ हे चित्र जुळतं. पिढ्यान्पिढ्या जनुकांचं प्रमाण निव्वळ योगायोगाने कमीजास्त होतं, त्यासाठी जीवशास्त्रात वापरतात तेच हे गणित.

म्हणजे वहिनीला 'युनिक' नाव हवं होतं ना, परवा लसीच्या रांगेत नर्सने "कियारा!" पुकारलं तर दोन आया उठल्या.

आजी घरी हिला ठकी म्हणते. त्यातही 'की' आहेच.